टर्फ स्क्रबर: पावसाळ्यापासून होळीपर्यंत वापरल्यानंतर

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळावरचा कुठलाही उपाय पहिल्या दोन आठवड्यांत कळत नाही, म्हणून मुद्दाम थांबले होते. स्क्रबर, म्हणजे टाकीऐवजी दुसरीकडे मुद्दाम शेवाळ वाढवून फेकून द्यायची जाळी, जूनमध्ये लावला, आता होळी झाली, आता लिहिते. चालतो. टाकीतल्या दगडांवरची हेअर अल्गी, म्हणजे हिरव्या केसांसारखं शेवाळ, गेली आणि अजून परत आलेली नाही, पण सुरुवातीला दीड-दोन महिने काहीच होत नाहीये असं वाटतं आणि बरेच जण तिथेच वैतागून काढून टाकतात, त्यांच्यासाठी जरा सविस्तर.

टाकी तीन फुटी, सम्प (टाकीला जोडलेली, पाणी गाळायची खालची टाकी) धरून साधारण दोनशे लिटर, दादरला वन बीएचकेच्या हॉलमध्ये. मासे म्हणजे क्लाऊनची जोडी, सिक्सलाइन रॅस आणि शेवाळ खाणारी लॉनमोअर ब्लेनी, शिवाय थोडे झोआ प्रवाळ. मासे खादाड आहेत, रोज फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) पडतं, आणि जे पडतं ते शेवटी नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, होऊन पाण्यातच राहतं. हाताने उपटून झालं, शेवाळ खाणाऱ्या टर्बो स्नेल गोगलगायी आणल्या, तीन दिवस लाईट बंद ठेवून काळं कापडही टाकलं. त्या कापडाने अल्गी मरते खरी पण मेलेली अल्गी टाकीतच कुजते आणि तिने खाल्लेलं सगळं पाण्यात परत, मग महिन्याभरात दगड पुन्हा हिरवे.

स्क्रबर म्हणजे काय तर शेवाळाला टाकीपेक्षा चांगली जागा सम्पमध्ये करून द्यायची. खरखरीत जाळी, तिच्यावरून सतत पाण्याचा पातळ पडदा, अगदी जवळून लाल लाईट. शेवाळ तिथे वाढतं, आपण दर आठवड्याला खरवडून फेकतो, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट टाकीतून कायमचं बाहेर. कल्पना नवीन नाही, स्मिथसोनियनचे वॉल्टर एडी यांनी १९८२ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. जाळीचं माप पाण्याच्या लिटरवर नाही, माशांच्या खाण्यावर काढायचं: रोज एक क्यूब (फ्रोझन खाण्याची एक वडी) पडत असेल तर दोन्ही बाजूंनी लाईट असलेली १२ चौरस इंच जाळी. माझी ६ इंच रुंद, ४ इंच उंच आहे, म्हणजे रोजचे दोन क्यूब. पाणी रुंदीच्या दर इंचाला ताशी १३० लिटरच्या आसपास लागतं, त्यामुळे पंप वर चढवून तासाला ८०० लिटर देणारा बघा, डब्यावरचा आकडा धरू नका, तो उंची न धरता लिहिलेला असतो.

जाळी भरतकामाची प्लास्टिकची, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीत मिळाली, ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी लोहार चाळीतून, पाईप नाक्यावरच्या हार्डवेअरमधून. जाळी करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी अगदी काटेरी होईपर्यंत घासायची, हे टाळू नका, गुळगुळीत जाळीवर शेवाळ धरतच नाही, धरलं तरी गळून पडतं.

जाळीवर आधी तपकिरी चिकट थर येतो, मग काळपट, मग हळूहळू हिरवे केस. काळपट म्हणजे पाण्यात खाद्य अजून खूप आहे, पिवळं रबरासारखं झालं तर लाईटचे तास कमी करा. आणि टेस्ट किटवर विसंबू नका, कारण दगड शेवाळाने भरलेला असताना फॉस्फेट जवळपास शून्य दिसू शकतं, शेवाळच ते खाऊन टाकतंय ना! शिवाय जुन्या लाइव्ह रॉकमध्ये, म्हणजे टाकीतल्या सच्छिद्र दगडांत, फॉस्फेट मुरलेलं असतं, पाण्यातलं कमी झालं की दगड ते सोडत राहतो, म्हणूनच इतका वेळ लागतो. माझ्याकडे श्रावण संपता संपता दगडावरचे झुबके आधी फिकट पडले, मग बोटाने ओढलं की मुळासकट सुटायला लागले, आणि खाली कोरलाइनचा (दगडावरच्या चांगल्या कडक शेवाळाचा) जांभळा थर आणि छोटे फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखे किडे) दिसले तेव्हा इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना हाताला धरून आणून दाखवलं. आता नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास ठेवते. दोन्ही शून्यावर नेऊ नका, डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) आले तर ते हेअर अल्गीपेक्षा वाईट. ब्लेनीला आता दगडावर खायला उरलं नाही, त्याला नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पापुद्रे) द्यावी लागते.

स्क्रबरच्या लाईटचे तास असे ठेवते की रात्रभर, टाकीचे दिवे बंद असताना, तो चालू राहील. त्यामुळे रात्री पीएच फार पडत नाही, खिडक्या लावून एसी चालणाऱ्या आपल्या घरांत याचा खरंच फायदा आहे.

त्रास आहेत. पाण्याचा आवाज येतो, सम्पच्या कडांवर मिठाचे थर चढतात, आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) सम्पच्या कपाटात ठेवला तर गंजतो, पावसाळ्यात तर हमखास, तो बाहेर भिंतीवर लावा. ब्रायोप्सिसवर, म्हणजे पिसासारखी फांदी दिसते त्या अल्गीवर, स्क्रबरचा भरवसा धरू नका, तिला लोक फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात.

पाण्याचं वेगळं सांगते. सासूबाई अजून म्हणतात, "अगं, चौपाटी हाकेवर आणि तू मीठ विकत आणतेस?" पण किनाऱ्याच्या पाण्यात शहराचं सांडपाणी आणि पावसाळ्यात क्षारताही घसरलेली, ते टाकीत नको. नळाचं पाणी तलावांचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) कमी, म्हणून काही जण तेच टाकतात. टीडीएस कमी म्हणजे फॉस्फेट, सिलिकेट नाही असं नसतं. घरच्या प्युरिफायरमध्येही बऱ्याचदा चवीसाठी कच्चं पाणी मिसळलेलं असतं. आरओडीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर) लावा, शून्य टीडीएस घ्या, नाहीतर स्क्रबर एका बाजूने काढेल आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने ओतत राहाल.

दर रविवारी जाळी बेसिनमध्ये खरवडायला जमणार नसेल तर घेऊ नका. थर जाड झाला की आतल्या शेवाळाला उजेड मिळत नाही, ते मरतं आणि सगळं परत पाण्यात. गावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी जाळी साफ करा, खाणं कमी होणार म्हणून टायमरही अठरा तासांवरून दहावर आणा. गणपतीला कोकणात गेलो तेव्हा एवढंच केलं होतं, टाकी नीट राहिली, शेजारच्या काकू फक्त आरओडीआयचं पाणी टॉप-अप करत होत्या.