नाताळचा डबा वसईहून मागवला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, हा डबा हौस म्हणून मागवला नव्हता. जुलैमध्ये आमचे सासरे गेले. सासूबाई मूळच्या मडगावच्या, आणि त्यांच्याकडे वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्या नाताळला कढई चढत नाही, स्टार लागत नाही, येशूच्या जन्माचा गोठा पण साधाच मांडतात. पण म्हणून ते घर गोडाशिवाय राहत नाही, शेजारचे आपापल्या घरचं ताट भरून वर क्रोशाचा रुमाल टाकून आणून देतात. या ताटाला त्या कोंसुआद म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे, तिकडे पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण, गोव्यात तोच शब्द या ताटाला चिकटला. मडगावला वाड्यावर हे आपोआप होतं, कुणाला सांगावं लागत नाही, पण ठाण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये ख्रिश्चन घरं तीन आणि त्यातलं एक आमचंच, तर कोण आणून देणार? डिसेंबर लागला तरी सासूबाईंनी नाताळचं नाव काढलं नव्हतं आणि ते मला बघवत नव्हतं.

मी नगरची. आमचं घर प्रॉटेस्टंट, असा नियम आमच्याकडे नाही. माझी आजी गेली त्या डिसेंबरात सुद्धा आईनं करंज्या केल्या होत्या, दरवर्षीपेक्षा कमी, पण केल्या. म्हणून आधी वाटलं सरळ माहेरून फराळ मागवावा. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं पाठवते की, पण त्यांना तो नाताळचा वाटायला हवा ना." तिचं बरोबर होतं. आमच्याकडे नाताळ म्हणजे फराळच, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे, दिवाळीला शेजारच्या काकूंकडून जे ताट येतं ते नाताळला आपलं भरून परत जातं. केक असायचा पण बेकरीतला, पोरांसाठी. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी सासरच्यांना हे ऐकून खूप नवल वाटलं होतं, करंजी-चकलीचा कसला नाताळ म्हणून, आणि तेव्हा मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं, थोडं लागलं पण होतं मनाला.

उत्तर मला नंतर सापडलं. नगरला १८३१ पासून काम केलं ते अमेरिकन मराठी मिशनने, त्यातले सुरुवातीचे बरेच मिशनरी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडकडच्या परंपरेतले, आणि त्या मुलखात नाताळचं फारसं प्रस्थच नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ नाताळ पाळला तर दंड होता, आणि तिथे नाताळची सरकारी सुट्टी लागली ती थेट १८५६ ला. आता ज्यांच्या स्वतःच्या घरी नाताळचा केक नाही ते आपल्या लोकांना काय शिकवणार. मग मला वाटतं आपल्या बायकांनी सणाला जे करायचं माहीत होतं तेच केलं, आणि ते मला फार आवडतं. गोव्याचं वेगळं, तिथे पोर्तुगीजांचं अंडं-साखरेचं गोड आणि आपला नारळ, माडाचा गूळ हे एकाच चुलीवर आले, म्हणून थराथरांची बेबिंक आणि नारळाचं दूध-गूळ आटवून केलेला दोदोल.

तर आता डबा. वसईत दोघी जणी मिळून करतात, नणंद-भावजय, घरूनच, बोर्ड वगैरे काही नाही. नाव-नंबर इथे टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलंय, डिसेंबरात ओळखीच्याच ऑर्डरी उरकत नाहीत. नणंद ईस्ट इंडियन, भावजय मंगळूरहून लग्न होऊन आलेली. (ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसईकडचे इथलेच मूळचे ख्रिस्ती, मराठी बोलणारे. नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईत यायला लागले तेव्हा आपण वेगळे ओळखू यावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली त्या वेळी, हे नाव घेतलं. पूर्व भारताशी काही संबंध नाही, हे लोकांना दरवेळी समजवावं लागतं असं त्या म्हणाल्या.)

फोन केला तर पहिला प्रश्न किती किलो असा नव्हता, "तुमच्या घरी काय काय करतात?" असा होता. मी सगळं सांगितलं, सासऱ्यांचं पण. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग चमकीचा खोका नको. स्टीलच्या डब्यात देते, डबा तेवढा परत करा. आणि वर तुमचं नाव टाकत नाही, नुसतं वसईहून असं लिहिते. दुसऱ्या घरून आल्यासारखं आलं पाहिजे ते."

हे मी सांगितलंच नव्हतं त्यांना. इथेच माझे पाचच्या पाच स्टार झाले, खाण्याचं नंतर.

त्याआधी मी ऑनलाइन एक हॅम्पर कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं, २,२०० रुपयांचं, प्लम केक, चॉकलेटं, सांताचा मग आणि लाल रिबीन. वाईट नसेल ते, पण ते कुणाच्याही घरी गेलं तरी तेच असतं, नगरला पाठवा नाहीतर मडगावला. वसईचा डबा दोन किलो, १,९०० रुपये आणि डिलिव्हरीचे वेगळे.

बेबिंक मागितली तर स्पष्ट नाही म्हणाल्या. "आम्हाला जमते पण गोव्याच्या माणसाला आमची आवडणार नाही, ती गोव्याहूनच घ्या." सुरुवातीला मी खट्टू झाले, कारण सासूबाईंसाठी तेच तर मुख्य, पण विचार केला तर किती प्रामाणिक उत्तर आहे. बेबिंकचा एकेक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो भाजला की तूप सोडून पुढचा, सात थर म्हणजे सात वेळा, काही घरी सोळा करतात. नारळाचं दूध, अंड्याचे बलक, साखर, थोडा मैदा, बाकी सगळं आच सांभाळणाऱ्या माणसावर. २०२३ मध्ये तिला जीआय टॅग, म्हणजे ती गोव्याचीच असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा सासरे पेपर घेऊन घरभर फिरले होते.

डब्यात सगळ्यात भारी म्हणजे नेवऱ्या. दोघींच्या दोन वेगळ्या होत्या आणि मुद्दाम मध्ये बटर पेपर घालून वेगळ्या ठेवलेल्या. ईस्ट इंडियन नेवरीत भाजलेला रवा, खोबरं, वेलची, सारण जरा ओलसर, मऊ. मंगळुरी नेवरी कोरडी, आत भाजलेले तीळ, पिठीसाखर, काजूचे तुकडे, बेदाणा, चावली की तिळाचा वास पहिला येतो. आणि मी टेबलाशी बसून दोन्ही तोडून बघत होते तेव्हा लक्षात आलं की आमची नगरची करंजी यांची सख्खी बहीणच आहे, सुकं खोबरं आणि खसखस एवढाच फरक. कडेची मुरड सुद्धा मंगळूरच्या वहिनींनी हातानं घातलेली, कातणं फिरवलेलं नाही. सासूबाईंनी एक उचलली, कडेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाताची आहे." मग त्यांच्या आईची नेवरी कशी असायची, ओल्या नारळाची, दोन दिवसात संपवावी लागायची, हे पंधरा मिनिटं सांगत होत्या. सहा महिन्यांत एवढं सलग बोलल्या नव्हत्या.

कुलकुल छान, अगदी एकसारखे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, रेघा उमटतात आणि शिंपल्यासारखा आकार येतो, मग तळून साखरेत घोळवायचे. मंगळूरकडे याला किडयो म्हणतात, म्हणजे किडे, माझ्या मुलीनं ते ऐकल्यावर मूठ मूठ खाल्ले. साखर जरा कमी चालली असती.

मिल्क क्रीम मला खूप गोड वाटलं. दूध, साखर आणि काजू-बदामाची पेस्ट आटवून आटवून साच्यात घालतात, फुलं-पानं असे आकार, दिसायला सुंदर, टेक्स्चर एकदम रेशमी, पण एका वेळी एकाच्या वर जात नाही. थाळी स्वीट मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं आणि वेडी झाले. रवा, ओलं खोबरं, बदाम, अंडं, थाळीत भाजलेलं, वरून सोनेरी आणि आत दमट. पुढच्या वेळी नुसतं तेच किलोभर मागवेन. रोझ कुकी कुरकुरीत होत्या पण अर्ध्या मोडून आल्या. खजुराचे रोल ठीक.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत. एक, ऑर्डर दिल्यावर चार दिवस मेसेजला उत्तरच नाही, मला वाटलं विसरल्या. दोन, डिलिव्हरीचा मुलगा डबा आडवा धरून घेऊन आला असणार, रोझ कुकी त्यातच गेल्या, चार नेवऱ्या पण फुटल्या. तीन, आणि ही महत्त्वाची, कशात अंडं आहे आणि काय किती दिवस टिकतं याची चिठ्ठी आत नव्हती.

हे का महत्त्वाचं ते सांगते. डबा आला २० तारखेला. समोरच्या फ्लॅटमध्ये मल्याळी कुटुंब आहे, सीरियन ख्रिश्चन म्हणजे केरळातले फार जुने ख्रिस्ती, मी लगेच एक प्लेट भरून नेली. त्या चेचींनी (मल्याळीत ताई) प्लेट हातात घेतली आणि अडखळल्या. त्यांच्याकडे १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा उपास असतो, मटण-मासे-अंडं बंद, त्यांच्या घरी तर दूध पण बंद. दहा वर्षं समोर राहतो आणि मला हे माहीत नव्हतं, मला फार वाईट वाटलं. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे खायचाच महिना, सासरी पण तसंच. वसईला फोन लावला तर कळलं की तिळाच्या नेवऱ्यांत अंडंही नाही आणि दूधही नाही, बाकी बहुतेक जिनसांत दोन्हीतलं काहीतरी आहेच. मग चेचींनी नेवऱ्या त्या दिवशी घेतल्या आणि बाकीचं "पंचवीसला सकाळी चर्चमधून आल्यावर" म्हणून झाकून ठेवलं. पण पाच दिवस मिल्क क्रीम राहील का? फ्रिजमध्ये राहिलं, फक्त कडा कोरड्या पडल्या. म्हणून त्या दोघींना माझी कळकळीची विनंती आहे, एक चिठ्ठी टाका. कोणाकडे डबा विसाव्या तारखेला उघडतो, कोणाकडे पंचवीसलाच. सासूबाईंचंच बघा, नेवरी चाखली ती फुटलेली होती म्हणून, बाकी डबा त्यांनी बंद केला तो चोवीसच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आल्यावरच उघडला, रात्री दीडला. आमच्याकडे नगरला मध्यरात्री काही नसतं, पंचवीसला सकाळची उपासना आणि मग घरी येऊन फराळ, तोवर डब्याला हात लावला की आईचा ओरडा.

रात्री दीडला सासूबाईंनी काय केलं, तर बशी काढली, सगळ्यातलं एकेक ठेवलं, वर स्वतःच्या हातचा रुमाल टाकला आणि ती सासऱ्यांच्या फोटोपाशी ठेवली. मग आम्हाला वाढलं. डबा कुठून आला हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, वर लिहिलेलंच होतं.

ऑर्डर द्यायची असेल तर १० डिसेंबरच्या आत द्या, नंतर घेत नाहीत. जमलं तर वसईला स्वतः जाऊन घेऊन या, मोडतोड होणार नाही. अंड्याचं फोनवरच विचारून घ्या. बेबिंक आणि दोदोलचा हट्ट धरू नका. घरात दुःख असेल तर तेही मोकळेपणानं सांगा, त्यांना कळतं.

स्टीलचा डबा परत करायचा होता. रिकामा डबा परत करायचा नसतो, पण आमच्या घरातून तर यंदा गोड जाऊ शकत नव्हतं, सासूबाई दोन दिवस त्याच विचारात होत्या. मग २९ तारखेला नगरहून आईचं पार्सल आलं आणि त्याच म्हणाल्या, "हे तुझ्या आईच्या घरचं, हे चालेल." शंकरपाळे भरून डबा वसईला गेला. दुसऱ्या दिवशी त्या नणंदबाईंचा व्हॉइस मेसेज आला, तोंडात शंकरपाळा असतानाच बोलत होत्या, यात अंडं नाही तर इतका खुसखुशीत कसा, मोहन किती घालतात तेवढं आईला विचारून सांगा.