हळदीचे हात लाल झाले आणि माझे ७९,८५१ रुपये गेले

ज्यांच्या घरात फिट येणारं मूल आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. आणि काहीही झालं, कुणीही सांगितलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.

माझी लेक अकरा वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून तिला आकडी येते. गोळ्यांवर वर्षभर बरी होती, दिवाळीनंतर एकाच आठवड्यात तीन झटके आले. शेजारणीने त्या महाराजांचं सांगितलं, सासूबाईंनी हट्ट धरला आणि अमावस्येला आम्ही शहराबाहेरच्या त्या मठात नंबर लावला.

रांगेत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. पुढची बाई "वैनी, काय होतंय लेकराला?" करत सगळं काढून घेते, पाणी पिऊन येते म्हणून आत जाते, आणि तासाभराने महाराज डोळे मिटून तेच आपल्याला ऐकवतात. मलाही हे माहीत होतं. पण रात्री दोन वाजता पोरीचे दात करकरल्याच्या आवाजाने जागं झाल्यावर माहीत असलेलं काही कामाला येत नाही. शिकलेला माणूस फसला कसा, असं विचारणाऱ्यांनी तशा चार रात्री काढाव्यात आणि मग बोलावं.

नावनोंदणीचे २५१. उताऱ्याचे २,१००. इथवर मी स्वतःला समजावत होतो, जाऊ दे, बायकोचं समाधान होतंय.

तिसऱ्या फेरीला हळदीचा प्रकार झाला. महाराजांनी बायकोच्या तळहातांना हळद चोळायला लावली. मग परातीतलं तीर्थ वाटीने तिच्या हातांवर सोडलं आणि हात रक्तासारखे लाल झाले. "करणी उतरायला लागली," महाराज म्हणाले. बायको ओरडली, सासूबाई मटकन खाली बसल्या.

ती परात मी धरली होती. माझी बोटं त्या पाण्यात होती आणि पाणी बुळबुळीत होतं. एकोणीस वर्षं मी टॉवेलच्या सुताच्या डाईंगमध्ये काम करतो. सोड्याचं पाणी हाताला कसं लागतं ते मला डोळे बांधले तरी कळतं. आणि हळद सोड्यात लाल होते हे कळायला डाईंगमध्ये असावंही लागत नाही. पांढऱ्या शर्टावरच्या कालवणाच्या डागाला साबण लावला की काय होतं ते घराघरात बघितलेलं असतं. मला त्या क्षणी कळलं होतं. हे लिहिताना हात थरथरतोय, पण खरं आहे, कळलं होतं. तोंड उघडायचं एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बायकोने माझ्याकडे बघितलं. रडत होती, पण महिन्याभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली. मी परात तशीच धरून ठेवली.

त्याच दिवशी हुकूम झाला, गोळ्या बंद करा, औषधाने तीर्थ बाटतं. ताइताचे ५,५०० घेतले.

मग घरातली करणी काढायला २१,०००. आदल्या दिवशी त्यांचा चेला 'जागा मोजायला' म्हणून येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी तुळशीमागे खणलं तर काळी बाहुली निघाली. सात वर्षांपूर्वी पुरलेली म्हणे. तिच्यावर गुंडाळलेलं सूत कोरं होतं, कुठे कुजलेलं नाही, रंग उतरलेला नाही. सुतात जन्म गेलेल्या माणसाने तेही बघून सोडून दिलं. तुमच्याकडे कुणी खणायला आलं, तर आदल्या दिवशी कोण येऊन गेलं ते आठवा.

बाहुली कुणी पुरली? 'घरातलीच, थोरली, सवाष्ण.' म्हणजे माझी वहिनी. ज्या वहिनींनी माझ्या लेकीला पहिली अंघोळ घातली, त्यांच्याशी आम्ही त्या दिवसापासून बोलणं टाकलं. शेवटच्या होमाचे ५१,०००. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून दिले.

गोळ्या बंद केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी पहाटे झटका आला आणि थांबेचना. एक ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या कधी बंद केल्या? फिटच्या गोळ्या अचानक तोडल्या की असेच लागोपाठ झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, हे मला आयसीयूच्या दारात कळलं. लेक वाचली. (झटक्यात कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं की दवाखाना गाठा.)

आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात म्हणाले, मठ आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात विचारलं, "पावती आहे का? पैसे तुम्ही स्वखुशीनेच दिलेत ना?" तिसऱ्या खेपेला एक साहेब म्हणाले, "देवाधर्माचं आहे हो, कशाला भावना दुखावता?" माझ्या भावना? मी दर संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हात जोडणारा माणूस आहे. सिद्धरामेश्वरांनी या गावासाठी तळं खोदलं, लोकांना पाणी दिलं. त्या गावात परातभर सोड्याच्या पाण्यासाठी आईच्या बांगड्या काढून घेणाऱ्याला देवाधर्माचं नाव द्यायचं? चौथ्या खेपेला मी जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढलं, तर मलाच सांगितलं, "त्याची कॉपी घेऊन या." २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा झाला. अठरा वर्षं झगडून, जीव देऊन आलेला कायदा, आणि त्याची झेरॉक्स मी आणायची! सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे त्यात, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेणंही त्यात बसतं. फिट बरी करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यापासून बंदी आहे.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. आता नव्या फौजदारी कायद्याने (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. माझ्या पहिल्या दोन अर्जांची पोच नाही, म्हणजे ते दिलेच नाहीत असं झालं. घेत नसतील तर वरच्या अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवा. माझे ५१,००० फोनवरून गेले म्हणून तेवढा तरी पुरावा आहे, बाकीचे सगळे रोख.

तिसरा अर्ज पोस्टाने पाठवून आज तेवीस दिवस झाले, फोन नाही. त्यावर दुसरी सही वहिनींची आहे. मी कागद घेऊन दारात गेलो, त्यांनी उभ्यानेच वाचला, सही केली आणि आत गेल्या. माझ्याशी अजून बोलत नाहीत.