एंड झोनचा खांब आणि टॅगिंगचं सॉफ्टवेअर: अख्खा सीझन वापरल्यावर

ऑगस्टच्या सरावापासून आता मार्चपर्यंत हा सरंजाम माझ्या हाताखाली आहे. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या टोकाला, एंड झोनच्या (जिथे पोचलं की गुण मिळतात त्या पट्ट्याच्या) मागे उभा करायचा उंच घडीचा खांब, त्याच्या टोकाला कॅमेरा, खाली छोटा पडदा आणि जॉयस्टिक. शिवाय शूट केलेली फिल्म कापून, टॅग लावून बघायचं सॉफ्टवेअर. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि भांडणही नको.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी ओहायोत राहतो, आठवडाभर डेटाची नोकरी करतो आणि शनिवारी जवळच्या एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमसाठी फुकट राबतो. टीम डिव्हिजन थ्रीची, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तराची आहे. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही आणि स्टाफही बेताचाच असतो, त्यामुळे ज्याला एक्सेल येतं त्याला लगेच खुर्ची मिळते. मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम आणि पाटाकडील विरुद्ध खंडोबा. बाबांना पहिली क्लिप पाठवली तेव्हा त्यांचा फोन आला, "अरे, हे बॉलला पाय कधी लावतात?" म्हटलं, "चौथ्या डाउनला, बाबा."

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, आणि प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. तिसरा डाउन म्हणजे जवळजवळ कबड्डीतली डू-ऑर-डाय रेड.

आता खांबाबद्दल. टीव्हीवर जो सामना दिसतो तो विश्लेषणाच्या फारसा कामाचा नसतो, कारण टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो आणि सगळ्यात मागे राखणारे दोन बचावपटू, म्हणजे सेफ्टी, चौकटीबाहेर राहतात. साइडलाइनच्या वर, प्रेस बॉक्समधून शूट केलं की बावीसच्या बावीस जण दिसतात. पण समोरासमोर भिडणाऱ्यांची मधली लाइन बाजूने बघितली की गर्दीच्या लोकलचा दरवाजा वाटतो, कुणाचा खांदा आणि कुणाचा पाय ते कळत नाही. मागून उंचावरून बघितलं की गार्ड आणि टॅकल या लाइनवरच्या शेजाऱ्यांमधली फट सरळ दिसते.

एक उदाहरण देतो. आमचा डावा गार्ड, पोरगा गुणी. तिसऱ्या सामन्यात समोरचा लाइनबॅकर (लाइनच्या मागचा बचावपटू) स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन खेळी सुरू व्हायच्या, आधीच "रन, रन" ओरडायचा आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचा. साइडलाइनच्या फिल्ममध्ये काही सापडेना. मग रविवारी खांबाच्या कॅमेऱ्याची फिल्म लावली. पळायचा प्ले (खेळी) असला की आमच्या गार्डची बोटं गवतात रुतायची, सगळं वजन पुढच्या हातावर. पासचा, म्हणजे बॉल हाताने फेकायचा, प्ले असला की हात नुसता टेकवलेला आणि कंबर खाली बसलेली. समोरच्याला पत्रच पाठवल्यासारखं! कोचनी त्याला पुढचे दोन आठवडे दर प्लेला एकाच वजनाने बसायला लावलं. खांबाचे पैसे माझ्या लेखी तिथेच वसूल झाले.

सॉफ्टवेअरची खरी ताकद रकान्यांत आहे: डाउन, अंतर, यार्ड लाइन, हॅश (मैदानावरच्या ज्या खुणांच्या रांगेवर बॉल ठेवतात ती), फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), प्ले, निकाल. हॅशचा रकाना मी सुरुवातीला कंटाळून रिकामा सोडायचो. चूक होती. मैदान १६० फूट रुंद, आणि कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट असतं (एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जेमतेम साडेअठरा). म्हणजे बॉल एका हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसरीकडे १०० फूट जागा. एवढा फरक असल्यावर सगळी खेळी त्या रुंद बाजूभोवती फिरते. रकाना भरून फिल्टर लावला तेव्हा आमचीच लबाडी उघडी पडली. डावा हॅश, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू) अरुंद बाजूला, दुसरा डाउन असं जुळलं की आम्ही जवळजवळ दर वेळी रुंद बाजूला पळत होतो. सगळ्या क्लिपा ओळीने पुढ्यात यायला अर्धं मिनिट लागलं. वहीत हे शोधायला एक रात्र गेली असती, तरी कदाचित दिसलं नसतं.

यशाचा हिशोब मी कॉलेज फुटबॉलच्या विश्लेषकांमध्ये रूढ असलेल्या मापाने लावतो: पहिल्या डाउनला गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. नुसते एकूण यार्ड मोजले तर माणूस फसतो. पहिल्या डाउनला पाच यार्ड म्हणजे काम झालं, आणि तिसऱ्याला आठ हवे असताना सात मिळाले म्हणजे पंट, बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देऊन टाकायचा.

आता तक्रारी. सॉफ्टवेअर फॉर्मेशन आपोआप ओळखतं असं सांगतात. आमचा टाइट एंड दोन पावलं बाजूला उभा राहिला की ते त्याला रिसीव्हर (पास झेलायला पळणारा) म्हणतं, मग पुढची सगळी गणितं चुकतात. ती सोय मी सप्टेंबरातच बंद केली. दुसरं दुखणं दोन कॅमेऱ्यांच्या जोडणीचं. एका कॅमेऱ्याने एक प्ले सोडला की तिथून पुढे साइडलाइनचा २३वा प्ले आणि एंड झोनचा २४वा अशा जोड्या लागतात, आणि हे कळतं थेट मीटिंगमध्ये. उपाय सोपा आहे: दर प्लेनंतर दोन्ही कॅमेरे स्कोअरबोर्डवर नेऊन दोन सेकंद धरायचे. डाउनही समजतो, चूकही सापडते. खांबाला वाऱ्यात चारही दोऱ्या हव्यातच. तीन दोऱ्यांवर भागवलं त्या दिवशीची फिल्म होडीतून काढल्यासारखी आहे. नोव्हेंबरच्या थंडीत बॅटरी हाफटाइमच्या आधीच मान टाकते, तेव्हा जादाची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

सगळ्यात मोठी चूक मात्र यंत्राची नव्हती. ऑक्टोबरात एका सामन्यात आम्ही लांब पासवर टचडाउन खाल्लं. फिल्ममध्ये स्वच्छ दिसत होतं: कॉर्नर (कडेचा बचावपटू) पुढे थांबला, रिसीव्हर त्याच्या मागून कडेने सुसाट गेला, आणि सेफ्टी मैदानाच्या मधोमध, पोचायला उशीर. मी टॅग लावला, "सेफ्टी, जबाबदारी चुकली." सोमवारी कोचनी क्लिप बघितली आणि विचारलं, "याच्या आधीचं कुठे आहे?" आधीचं नव्हतं. जागा वाचावी आणि मीटिंग लवकर आटपावी म्हणून मी प्रत्येक क्लिप स्नॅपच्या एक सेकंद आधीपासून कापत होतो. नशिबाने मूळ फाइल शिल्लक होती. ती लावली. स्नॅपच्या पाच सेकंद आधी एक रिसीव्हर मोशनमध्ये, म्हणजे खेळी सुरू व्हायच्या आधीच, एका बाजूकडून दुसरीकडे गेला, तसा सेफ्टी वळला आणि त्याने हेल्मेटवर मूठ दोनदा आपटली. खूण होती: कव्हर टू (मागे दोघांनी राखायचं) सोडा, कव्हर थ्री (मागे तिघांनी) खेळा. कव्हर थ्रीत तो मधोमध हवा आणि कॉर्नरने मागे राहायचं. कॉर्नरची नजर त्या वेळी मोशनवर होती, खूण त्याने पाहिलीच नाही. म्हणजे माझ्या क्लिपनुसार ज्याची चूक होती, बरोबर खेळणारा तोच होता. आणि ते पोरगं रविवारभर माझा टॅग आपल्या फोनवर वाचत बसलं होतं. मी त्याची माफी मागितली. "इट्स फाइन" म्हणाला. फाइन नव्हतं, दिसत होतं.

सिड गिलमन या जुन्या कोचबद्दल वाचलं होतं. घरच्यांची सिनेमागृहं, तिथे येणाऱ्या बातमीपटांतला फुटबॉलचा तुकडा हा कापून ठेवायचा. पुढे याच ओहायोत मायामी आणि सिनसिनाटी विद्यापीठांत कोच झाला आणि फिल्मवरून शिकवणाऱ्या पहिल्या लोकांत गणला गेला. तो जपण्यासाठी कापायचा, मी कापून पुरावाच फेकत होतो.

तेव्हापासून माझी क्लिप टीम हडलमधून (खेळी ठरवायच्या घोळक्यातून) बाहेर पडते तिथे सुरू होते. फाइल मोठ्या झाल्या, सोमवारची मीटिंग लांबली, एक कोच अजून कुरकुरतो. कुणाच्याही चुकीचा टॅग मी आता लावत नाही. काय घडलं तेवढं लिहितो, काय ठरलं होतं ते कोच भरतात.

२०२४ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये सामना चालू असताना टॅबलेटवर फिल्म बघता येते. जास्तीत जास्त १८ टॅबलेट, आणि त्यांत आकडेवारी किंवा विश्लेषण चालत नाही, फक्त चित्र. मला हा नियम आवडला. घाईत लावलेले माझे टॅग तरी कुणाच्या हाती पडणार नाहीत.

घ्यावं का? पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर खांब घ्या. रकाने साध्या स्प्रेडशीटमध्येही भरता येतात, पण मागून दिसणारी फट दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळत नाही. कॅमेरा धरायला एकच माणूस ठरवून टाका, दर शनिवारी नवा पोरगा नको. आणि चौथी दोरी खोक्यात येत नाही, ती वेगळी विकत घ्यावी लागते. आमची गेल्या आठवड्यात आली.