फुकटच्या स्टिकरचे २८० डॉलर

बॉस्टनमध्ये शिकायला येणाऱ्या आणि हाताशी गाडी असलेल्या मराठी मुलामुलींनी हे वाचावे, एवढ्यासाठी लिहीत आहे. यात माझाही मूर्खपणा आहे आणि तो झाकून लिहिले तर लिहिण्याला अर्थ उरणार नाही, म्हणून घडले तसे सांगते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी मिशन हिल भागात राहायला गेले. चढावर एकाला एक लागून उभी असलेली लाकडी तीनमजली घरे, एकेका मजल्यावर चार-पाच विद्यार्थी आणि खाली हंटिंग्टन अव्हेन्यूवर ग्रीन लाइनची ट्राम, असा तो भाग. या शहरातले बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला सुरू होतात, त्यामुळे त्या दिवशी अर्धे शहर गाद्या आणि खुर्च्या घेऊन रस्त्यावर आलेले असते. माझी इंटर्नशिप शहराबाहेर, ट्राम पोहोचत नाही अशा ठिकाणी होती. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मावसभावाने त्याची जुनी कोरोला वापरायला दिली. गाडी त्याच्या नावावर, विमा त्याचा आणि नंबरप्लेट न्यू जर्सीची. पुढचे सगळे रामायण या शेवटच्या तपशिलावर उभे आहे, पण तेव्हा मला तो तपशील वाटलाच नव्हता.

घराच्या गल्लीत दर थोड्या अंतरावर पाटी होती, की येथे फक्त मिशन हिलच्या परमिटधारक रहिवाशांनी गाडी लावावी. हे परमिट म्हणजे गाडीच्या काचेला लावायचा स्टिकर. चालत जाण्याच्या अंतरावर तीन-चार कॉलेजे आणि मोठमोठी रुग्णालये असल्यामुळे परमिट नसते तर तिथल्या रहिवाशांना रात्री घरी परतल्यावर गाडी लावायला वावच उरला नसता. अशा परमिटमुळे बाहेरच्यांवर अन्याय होतो का, हा वाद व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमधून थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि न्यायालयाने १९७७ मध्ये रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला होता. हे मी फसल्यानंतर वाचले. आधी वाचायला हवी होती ती महापालिकेच्या संकेतस्थळावरची एक पानभर माहिती, आणि ती मी वाचली नाही.

ती न वाचता मी विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात विचारले, की मिशन हिलच्या पार्किंगचे कसे करायचे. दहा मिनिटांत एकाचा वैयक्तिक संदेश आला, तोही मराठीत. “नमस्कार ताई, स्टिकरचे काम आपण करून देतो. दरवर्षी चाळीस-पन्नास मुलांचे करतो.” बोलण्यात वैदर्भी लहेजा होता, नागपूरचा आहे म्हणाला, आणि खोली कुठे, भाडे किती अशी चौकशीही आपुलकीने केली. परक्या शहरात आपली भाषा ऐकली की माणूस अर्धा पाघळतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

त्याने तीन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक वस्तीचा कोटा ठरलेला असतो आणि मिशन हिलचा कोटा १ सप्टेंबरनंतर लगेच संपतो. गाडी कोणत्या राज्याची आहे याला महत्त्व नसते, भाडेकरार पुरतो. आणि थेट अर्ज केला तर विद्यार्थ्यांचे अर्ज बाजूला पडतात, म्हणून आतला माणूस लागतो. दर २८० डॉलर, त्यात ‘सरकारी फी’ धरलेली. नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये राहणारी मैत्रीण रहिवासी परमिटसाठी वर्षाला २५ डॉलर भरत असे, तेव्हा बॉस्टनसारख्या मोठ्या शहरात फी जास्त असणार आणि उरलेले याचे मेहनताना, असा हिशेब मीच मनाशी जुळवून टाकला. मला एकदाही संशय आला नाही, कारण गावाकडे लायसन्स काढताना आरटीओच्या फाटकासमोरच्या टेबलावर बसलेल्या एजंटाला पैसे देऊनच आमच्या घरातल्या प्रत्येकाचे काम झाले होते. सरकारी काम आणि मध्यस्थ ही जोडी माझ्या डोक्यात इतकी पक्की होती, की मध्यस्थाविना काम होत असेल ही शंकाच मनात आली नाही.

त्याने मागितले ते सगळे मी फोटो काढून पाठवले: लायसन्स, गाडीची नोंदणी, भाडेकरार, विजेचे बिल आणि पासपोर्टचे पहिले पान. पार्किंगच्या स्टिकरसाठी पासपोर्ट कशाला, हा प्रश्न मला पडला होता हे प्रामाणिकपणे नोंदवते. ‘विद्यार्थी आहात ना, म्हणून’ एवढ्या उत्तरावर माझे समाधान झाले. पैसे झेलवरून (Zelle, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात फोनवरून पैसे पाठवण्याची सोय) पाठवायचे होते आणि खाते भलत्याच बाईच्या नावावर होते. ती ‘ऑफिसची अकाउंटंट’ असल्याचे त्याने सांगितले.

आठवड्याभरात साध्या पांढऱ्या पाकिटातून स्टिकर आला. त्यावर वस्तीचे नाव होते, मुदतीचे वर्ष होते, क्रमांक होता. तो मागच्या काचेला लावताना कडेचा चिकटपणा कमी वाटला, म्हणून वरून पारदर्शक टेप लावली. आता ती टेप आठवली तरी कानशिले तापतात. पहिले तीन आठवडे काही झाले नाही. रोज सगळ्या गल्ल्या तपासल्या जात नाहीत, हे त्या निवांतपणाचे खरे कारण होते. मी मात्र त्या तीन आठवड्यांत आणखी दोघींना त्याचा नंबर दिला. त्यांतली एक फसली. तिचे पैसे मी नंतर अर्धे भरून दिले, पण ती आता माझ्याशी बोलत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस वायपरखाली पहिली पावती आली. परमिटविना रहिवासी जागेत गाडी लावल्याबद्दल ६० डॉलर दंड. त्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, “सिस्टीममध्ये चढायला वेळ लागतो, ताई. अपील टाका, माफ होते.” अपील टाकले. दुसरी पावती आली, तिसरी आली. तिसऱ्या पावतीनंतर त्याने उत्तर देणे बंद केले आणि चौथ्या पावतीच्या दिवशी त्याच्या फोटोच्या जागी राखाडी गोल दिसू लागला. त्याच संध्याकाळी एडिसनहून दादाचा फोन आला. गाडी त्याच्या नावावर असल्यामुळे न भरलेल्या दंडाची पत्रे त्याच्या घरी जाऊन पडत होती. “अगं, तू तिकडे करतेस तरी काय?” त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागले. बॉस्टनमध्ये पाच पावत्या थकल्या की चाकाला लोखंडी कुलूप लागू शकते, आणि माझ्या चार झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सिटी हॉलमध्ये पार्किंग क्लार्कच्या कार्यालयात, खोली क्रमांक २२४ मध्ये गेले. स्टिकर काचेवरून सोलून कागदावर चिकटवून नेला होता. खिडकीमागच्या बाईंनी तो हातात घेतला, दिव्याकडे तिरपा धरला आणि अंगठ्याचे नख वर्षाच्या आकड्यावरून सावकाश फिरवले. नख एका ठिकाणी अडले. आकड्याचा शेवटचा भाग वेगळ्या, पातळ कागदाचा होता आणि कोणीतरी तो मुदत संपलेल्या जुन्या स्टिकरवर नीट बेतून बसवला होता. स्टिकरचा क्रमांक त्यांनी संगणकात घातला, तर तो गतवर्षी दुसऱ्याच गाडीला दिलेला होता. मग त्यांनी माझी नोंदणी पाहिली आणि म्हणाल्या, की न्यू जर्सीची नंबरप्लेट आणि मिशन हिलचा स्टिकर तुमच्यासारख्या खासगी गाडीवर एकत्र दिसला, की तपासनिसाला आणखी काही पाहावेच लागत नाही. किती पैसे दिले, असे त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आम्ही याचे काही घेत नाही.”

परमिट मोफत होते. गाडीची नोंदणी मॅसॅच्युसेट्सची हवी, ती तुमच्या नावावर आणि तुमच्या बॉस्टनच्या पत्त्यावर हवी, विमाही त्याच पत्त्याचा हवा, राहण्याच्या पुराव्यादाखल गेल्या तीस दिवसांतला वीज, गॅस किंवा बँक असा एखादा कागद हवा आणि जुना दंड थकलेला नसावा. एवढे असेल तर अर्ज घरबसल्या करता येतो किंवा त्याच खिडकीवर स्टिकर हातात मिळतो. कोटा वगैरे काही नसतो. उलट कित्येक वस्त्यांत जागांपेक्षा परमिटेच जास्त वाटलेली आहेत, अशी तिथली जुनी तक्रार आहे, त्यामुळे खरा स्टिकर असला तरी जागा मिळेलच असे नाही. यांतली नोंदणीची अटच माझी गाडी पूर्ण करत नसल्याने जगातला कोणताही ‘आतला माणूस’ मला परमिट देऊ शकला नसता. परराज्यातली गाडी घेऊन शिकायला आलेल्यांना स्थानिक पोलिसांकडे एक अर्ज भरून द्यावा लागतो आणि पुढच्या काचेवर वरच्या बाजूला मध्यभागी वेगळी चकती लावावी लागते. तो अर्ज न दिल्यास २०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्या चकतीने रहिवासी जागेत गाडी लावण्याचा हक्क मात्र मिळत नाही. हे दोन्ही मला त्या दिवशीच कळले.

स्टिकर त्यांनी ठेवून घेतला. फेरफार केलेला सरकारी कागद माझ्या गाडीवर होता, मी परदेशी विद्यार्थिनी, व्हिसाचे काय होईल या भीतीने रात्रभर झोप आली नाही. पुढे तसे काही झाले नाही, परंतु तो स्टिकर मी विकत घेतला होता हे सिद्ध करायला माझ्याकडे त्या माणसाचे संदेश होते, म्हणून मी निदान बोलू शकले. असे संदेश रागाच्या भरात पुसू नका. चारही पावत्यांचे २४० डॉलर आणि मुदत टळल्याची वाढ मीच भरली. वास्तविक पावती मिळाल्यापासून एकवीस दिवसांत ती भरायची किंवा तिच्याविरुद्ध दाद मागायची असते, आणि माझे अपील अर्थातच फेटाळले गेले होते. बँकेने सांगितले, की झेलचे पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले आहेत, तेव्हा ते परत आणता येणार नाहीत. पोलिसांकडे तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक मिळाला.

पैशांपेक्षा जास्त घोर लागला तो कागदपत्रांचा. माझे लायसन्स, पासपोर्ट, पत्ता आणि सही असलेला करार, असा एक तयार संचच मी अनोळखी माणसाच्या हाती दिला होता. एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या, लोकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे जाऊन मी माझी क्रेडिट नोंद गोठवली. २०१८ पासून ही सोय देशभर मोफत आहे आणि तिला मला एक दुपार लागली. माझ्या नावावर कोणी कर्ज काढू नये म्हणून ती नोंद आजही गोठवलेलीच आहे आणि घर बदलताना नव्या घरमालकाला ती पाहता यावी म्हणून दर वेळी तात्पुरती उघडावी लागते.

गाडी मी ऑक्टोबरमध्ये दादाकडे परत नेऊन दिली. इंटर्नशिपला एका सहकारिणीच्या गाडीतून जाऊ लागले, पेट्रोलचा खर्च निम्मा-निम्मा. दादाने पैशांचा विषय काढला नाही. मावशीने मात्र काढला.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच गटात नव्या नंबरवरून संदेश पडला: मिशन हिल, फेनवे, ऑलस्टन, स्टिकर हमखास, कोटा मर्यादित. दर ३२० झाला होता. मी खाली दोन ओळी लिहिल्या, की परमिट मोफत असते आणि त्यासाठी गाडीची नोंदणी मॅसॅच्युसेट्सची लागते. तो नंबर तासाभरात गटातून बाहेर पडला. रात्री नाशिकच्या एका मुलीने मला वैयक्तिक संदेश पाठवला. तिने चार दिवसांपूर्वीच पैसे भरले होते आणि स्टिकर त्या दिवशी हातात पडला होता. तिने फोटो पाठवला. मी तिला वर्षाच्या शेवटच्या आकड्यावरून नख फिरवून पाहायला सांगितले. पाच मिनिटे काही आले नाही, आणि मग एकच शब्द आला: “अडतंय.”