ओपनडब्ल्यूआरटी, नऊ महिन्यांनंतर: इंटरनेटचा दिवा आता खरं बोलतो

परवा रात्री पुन्हा इंटरनेट गेलं, आणि या वेळी ते मला राउटरवरच्या दिव्याने सांगितलं. फोनवर चक्र फिरायला लागण्याआधी, आतल्या खोलीतून आईची हाक येण्याआधी. त्या दिव्यासाठी मी जितके दिवस खर्च केले तितके बाकीच्या सगळ्या सेटिंग्जना मिळून दिले नसतील, त्यामुळे हा अनुभव बराचसा त्याच्याबद्दलच आहे.

राउटर जुनाच आहे. एमटी७६२१ चिप, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, मागे एक यूएसबी. कंपनीचं शेवटचं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) येऊन कित्येक वर्षं झाली, पण यंत्र धडधाकट आहे आणि चालती वस्तू टाकून द्यायला माझा हात धजत नाही. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरच्या जागी टाकता येणारं, लिनक्सवर चालणारं खुलं फर्मवेअर. ते कसं चढवायचं ते इथे लिहीत नाही.

ते चढवायचं खरं कारण इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीशी झालेली भांडणं. इंटरनेट अधूनमधून जायचं, कधी पाच मिनिटं, कधी चाळीस. वेळ ठरलेली नाही. फोन लावला की ठरलेला प्रश्न यायचा: "सर, राउटरवर इंटरनेटचा दिवा हिरवा आहे का?"

"हिरवा आहे."

"मग लाइन सुरू आहे सर. तुमच्या वायफायचा प्रश्न असेल. राउटर एकदा बंद करून चालू करा."

असं पाच वेळा झालं. पाचही वेळा तक्रार सोडवल्याचा मेसेज आला. पाचव्या वेळी मी चिडून भिंतीवरच्या त्यांच्या फायबरच्या डब्यातली काचेची तार स्वतः काढली आणि राउटरसमोर जाऊन उभा राहिलो. दिवा हिरवा. दहा मिनिटं थांबलो. हिरवाच.

त्या फर्मवेअरमध्ये तो दिवा फक्त वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचं इंटरनेट जिथे जोडतात त्या तोंडाला, समोरून विजेचा प्रतिसाद मिळतो का एवढंच पाहत होता. प्रतिसाद देणारा म्हणजे त्यांचाच डबा, माझ्या राउटरपासून अर्ध्या मीटरवर. डब्याला वीज आहे तोवर दिवा हिरवा, पुढे फायबर तुटलेली असली तरी. माझी अर्धा मीटर केबल शाबूत आहे, इतकीच बातमी तो देत होता, आणि त्या बातमीच्या जोरावर माझी प्रत्येक तक्रार बंद होत होती. हे कळल्यावर मला फार राग आला. अजूनही येतो.

तर त्या आठवड्यात ओपनडब्ल्यूआरटीची २३.०५ आवृत्ती चढवली.

पहिला महिना वाईट गेला, हे लपवत नाही. वायफाय सुरुवातीला बंदच असतं, ते ठीक. पण सुरू केल्यावर आतल्या खोलीत रेंज पूर्वीच्या निम्मीही नव्हती. तेव्हा कोणी विचारलं असतं तर 'घेऊ नका' असंच सांगितलं असतं. जुनं फर्मवेअर परत टाकायला फाइलसुद्धा उतरवून ठेवली होती. मग लक्षात आलं की देशाचा कोड निवडलेलाच नाही. तो नसला की राउटर जगात सगळीकडे चालतील अशा अगदी सावध मर्यादा पाळतो, चॅनल कमी आणि ताकदही कमी. देश निवडला, चॅनल बदलला, आणि आतल्या खोलीतली तक्रार संपली. त्यामुळे पहिल्या महिन्यातलं माझं मत मी मागे घेतो. चूक माझी होती, आणि ते सेटिंग पहिल्याच पानावर ठळक विचारलं जात नाही ही थोडी त्यांचीही.

आता दिवा.

लिनक्समध्ये राउटरवरचा प्रत्येक दिवा एका फाइलमधून चालवता येतो. तिच्यात १ लिहिला की पेटतो, ० लिहिला की विझतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या सिस्टीम मेनूत एलईडी कॉन्फिगरेशन नावाचं पान आहे, तिथे कोणता दिवा कशावर चालवायचा ते निवडता येतं: पोर्टच्या हालचालीवर, ठरावीक ठेक्यावर, किंवा कशावरच नाही. मी इंटरनेटचा दिवा 'कशावरच नाही' वर टाकला आणि वीसेक ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन ती दर मिनिटाला चालवतो. ती आधी इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग करते, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघते, उत्तर नाही आलं तर ८.८.८.८ ला. दोघांपैकी एकाने उत्तर दिलं तर लाइन जिवंत. मग एका वेबसाइटचं नाव विचारून तिचा पत्ता मिळतो का बघते. दोन्ही जमलं तर दिवा स्थिर. पिंग जातंय पण नावाचा पत्ता मिळत नाही, तर सावकाश लुकलुक. काहीच नाही तर अंधार. स्थिती बदलली की लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदवहीत, एक ओळ.

सुरुवातीला मी एकाच पत्त्यावर पिंग करत होतो. एकदा तिकडून उत्तर आलं नाही, बाकी सगळं सुरू असताना दिवा विझला आणि मी उगाच कस्टमर केअरला फोन केला. तेव्हापासून दोन पत्ते. दिवा खोटं बोलतो म्हणून भांडलेल्या माणसाचा स्वतःचा दिवा खोटा पडून चालत नाही.

रात्री अकरा ते सहा दिवा बंद असतो, कारण राउटर आई झोपते त्या खोलीत आहे. त्या वेळात फक्त लॉग लिहिला जातो.

लॉगची अडचण मात्र माझ्या ध्यानात उशिरा आली. ओपनडब्ल्यूआरटी लॉग रॅममध्ये ठेवतं. सतत लिहून फ्लॅश (कायमची साठवण) झिजू नये म्हणून ते बरोबरच आहे, पण वीज गेली की लॉगही गेला. आता कस्टमर केअरचं पहिलं वाक्य आठवा: राउटर बंद करून चालू करा. म्हणजे दरवेळी मी त्यांचं ऐकायचो आणि हातातला पुरावा स्वतःच पुसायचो. त्यात या राउटरला बॅटरीवरचं घड्याळ नाही. चालू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जुनीच वेळ धरून बसतो, आणि इंटरनेट नसतानाच्या ओळींनाच वेळ खरी हवी असते. उपाय म्हणून मागच्या यूएसबीत जुना पेनड्राइव्ह लावला, लॉग त्यावर वळवला, आणि राउटर बंद करून चालू करणं पूर्णपणे थांबवलं. क्रॉनची दर मिनिटाची ओळही बंद केली, नाहीतर तिच्या गर्दीत कामाच्या ओळी सापडत नाहीत.

तीन आठवड्यांत १९ खंड नोंदले गेले, सुरू कधी, संपला कधी, मिनिटांसकट. ती यादी तक्रारीला जोडली आणि लिहिलं की या काळात राउटर एकदाही बंद झालेला नाही. या वेळी माणूस घरी आला. त्याने मीटर लावला तर डब्यापर्यंत येणारा प्रकाश उणे २८ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). अशा जोडणीतल्या नेहमीच्या बी प्लस वर्गाच्या डब्याची मर्यादा उणे २७ ची असते. म्हणजे लाइन कडेवर उभी होती, जरा काही झालं की पडायची. त्याने जिन्यातल्या जोडाचं टोक बदललं आणि आकडा उणे २१ वर आला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. मुलगा चांगला होता, यादीचा फोटो काढून घेऊन गेला.

वेगाबद्दल थोडक्यात. एसक्यूएम लावून केक सुरू केलं, म्हणजे लाइनवर गर्दी झाली तरी कॉल अडकू नयेत अशी डेटाची रांग लावणारी सोय. ते २०१८ सालच्या ४.१९ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नेलमध्ये) आहे. फोटोंचा बॅकअप सुरू असतानाही कॉलवरचा आवाज तुटेनासा झाला, हा फरक आईलाही जाणवला. पण केकला डेटाचं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरमधून जायला हवं, प्रोसेसरचं काम चिपच्या वेगळ्या भागावर टाकणारं हार्डवेअर ऑफलोड तिथे चालत नाही, आणि या चिपचा दम माझ्याकडे १४० एमबीपीएसच्या आसपास संपतो. योजना ३०० ची होती. अर्ध्याहून जास्त वेग वाया घालवायचा हे मनाला पटेना, म्हणून दोन महिने केक बंद ठेवून बघितलं. पुन्हा कॉल तुटायला लागले. शेवटी योजनाच १५० ची घेतली, केक १३५ वर बांधलं, आणि दर महिन्याला पैसे वाचतात. घरात कोणालाही फरक कळलेला नाही.

आता तक्रार. पुढच्या २४.१० आवृत्तीवर अपग्रेड करताना 'सेटिंग्ज ठेवा' वर खूण केली होती. सेटिंग्ज राहिल्या. नंतर चढवलेली पॅकेजेस (वेगळे जोडलेले प्रोग्राम) राहिली नाहीत, त्यामुळे पेनड्राइव्ह ओळखला जाईना, आणि माझी स्क्रिप्ट जपायच्या फायलींच्या यादीत नव्हती म्हणून तीही गेली. क्रॉन बिचारा दर मिनिटाला नसलेली फाइल शोधत राहिला. दिव्याच्या सेटिंगमध्ये सुरुवातीची स्थिती मी 'चालू' ठेवली होती, त्यामुळे दिवा पेटला आणि तसाच राहिला. चार दिवस. चौथ्या दिवशी इंटरनेट नव्हतं आणि समोर स्थिर हिरवा दिवा. तो बघून पोटात गोळा आला. नऊ महिन्यांपूर्वीचं तेच दृश्य, या वेळी माझ्याच हातचं.

आता सुरुवातीची स्थिती 'बंद' आहे. स्क्रिप्ट मेली तर अंधार दिसेल आणि मी उठून बघेन. स्क्रिप्टचं नाव जपायच्या यादीत घातलं, आणि पॅकेजेससकट नवी इमेज बांधून देणारी अटेंडेड सिसअपग्रेडची सोय वापरायला लागलो. ज्यांनी स्वतःचं काही लिहून ठेवलंय त्यांनी अपग्रेडआधी ती यादी उघडून बघाच.

मधे नवीन राउटर घ्यायचा मोह झाला होता. २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा राउटर आला, ओपनडब्ल्यूआरटी वन. त्यात बॅटरीवरचं घड्याळ आहे, आणि बिघडलेलं फर्मवेअर परत आणायला वेगळी, लिहिण्यापासून राखलेली फ्लॅश. घड्याळ म्हणजे माझ्या एका दुखण्यावर नेमकं औषध. पण घरातली यंत्रं तारेने जोडायचा लॅन पोर्ट एकच, म्हणजे शेजारी पोर्ट वाढवणारा स्विच आला, आणि इथे जुना राउटर चारही पोर्टांनी चालतोय. नाही घेतला.

२००२ च्या डिसेंबरमध्ये लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी आला, त्यात लिनक्स असल्याचं लोकांनी हुडकलं, कोड खुला करायला लावणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला आणि २००४ च्या जानेवारीत त्यातून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. तेव्हा ज्यांनी तो कोड मागून घेतला त्यांच्यामुळे आज मला माझ्या राउटरचा एक दिवा माझ्या हाताने लावता येतो, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

परवाचा खंड ११ मिनिटांचा होता, त्याआधीचा अडीच महिन्यांपूर्वीचा. दोन्ही यादीत आहेत. बहिणीकडेही याच चिपचा एक राउटर कपाटात पडून आहे. रविवारी पेनड्राइव्ह आणि स्क्रिप्ट घेऊन तिच्याकडे जाणार आहे.