बसून चालवायचे पायांचे रोबो: पैसे नेमके कुठे वसूल होतात?

एवढं मोठं यंत्र पाय उचलून पुढे येताना दिसलं की गर्दीतून दोन प्रश्न हमखास येतात. पोरांचा आणि हौशींचा प्रश्न, "हे विकत मिळतं का?" आणि हाताची घडी घालून मागे उभ्या असलेल्यांचा, "पण याचा उपयोग काय?" गेल्या काही दशकांत माणूस बसून चालवेल अशी जी यंत्रं खरोखर बनली, ती तपासल्यावर दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी पक्की देता येतात.

सुरुवात मँटिसपासून करावी लागते, कारण तो खरंच चालतो. ब्रिटनमध्ये मॅट डेंटन यांनी चार वर्षं खपून बनवलेला हा सहापायी रोबो २०१३ साली लोकांसमोर आला. उंची २.८ मीटर, वजन १.९ टन, २.२ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आणि प्रत्येक पायाला तीन असे १८ हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर हलणारे सांधे. चालक केबिनमध्ये बसून जॉयस्टिकने दिशा आणि वेग सांगतो. कोणता पाय कधी उचलायचा ते संगणक ठरवतो. वेग ताशी एक किलोमीटरच्या जरासा वर. म्हणजे आजोबा शेजारून फिरायला निघाले तर ते पुढे जातील.

सहा पायांचा फायदा असा की तीन हवेत असताना उरलेले तीन जमिनीवर तिकटीसारखे टेकलेले असतात. वजनाचा मध्य त्या त्रिकोणाच्या आत राहिला की यंत्र पडत नाही. अर्थात तेव्हा एकेका पायावर सहाशे किलोच्या वर भार येतो. तळवा ३० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ०.९ किलो. मुरमाड, घट्ट जमिनीवर हे चालून जातं. ओल्या काळ्या मातीत पाय रुतणार, आणि रुतलेला पाय उपसताना चिखल जेवढं धरून ठेवतो तेवढा भार टेकलेल्या तिघांवर वाढणार. म्हणजे "चाकं अडकतात तिथे पाय चालतात" हे वाक्य तळव्याचं क्षेत्रफळ विचारल्याशिवाय मान्य करू नये.

खरी डोकेदुखी मात्र तेलाची. एकच पंप सगळ्या सिलिंडरना तेल पुरवतो. भार पेललेल्या पायाला जास्त दाब लागतो, हवेतल्या पायाला कमी दाब पण भरपूर प्रवाह. पंप सगळ्यांत जड कामाच्या हिशेबाने घ्यावा लागतो आणि बाकीच्या सांध्यांसाठी तो दाब व्हॉल्व्हमध्ये मारावा लागतो. मारलेल्या दाबाची उष्णता होते. तेल तापलं की पातळ होतं, आतल्या आत गळायला लागतं, सील कडक होतात आणि पाय हळूहळू "बसायला" लागतो. म्हणून अशा यंत्रात इंजिनाइतकाच कूलरही महत्त्वाचा. गरजेप्रमाणे कमी-जास्त उघडणाऱ्या व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे आतली सरकती दांडी, अगदी बारीक फटीत सरकतो. तेलात कचरा गेला की तो अडकतो आणि पाय झटका देतो किंवा हललाच नाही असं होतं. फिल्टरवर पैसे वाचवणाऱ्याने हा धंदा करू नये.

बिघाडाची दुसरी ठरलेली जागा म्हणजे गुडघ्यावरून जाणारे होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या. प्रत्येक पावलाला वाकून, घासून बाहेरचं रबर जातं, आतली तारेची जाळी उघडी पडते आणि मग सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तेलाची धार उडते. ती धार कातडीत शिरते. गळती हात फिरवून कधीही शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. आणि तेल कातडीत शिरलंच तर जखम छोटी दिसते म्हणून घरी न बसता थेट हॉस्पिटल गाठावं.

आता जपानी मंडळी. २०१२ साली आलेला कुराटास चार मीटर उंच, दिसायला जबरदस्त. पुढे तो ॲमेझॉनच्या जपानी दुकानात १२ कोटी येनना मांडलेला होता, तोही हात वेगळे घ्या म्हणून. २०२३ चा आर्कॅक्स साडेचार मीटर, साडेतीन टन आणि ४० कोटी येन. दोन्ही देखणे, दोन्हींच्या पायांना चाकं. आर्कॅक्स ताशी १० किलोमीटर जातो तो चाकांमुळेच. फोटोत हे कळत नाही, आणि "चालता रोबो" म्हणून बातमी वाचलेला माणूस व्हिडिओ बघून हिरमुसतो. त्याच्या हिरमुसण्यात तथ्य आहे, पण बनवणाऱ्यांचा निर्णय शहाणपणाचा आहे: गुळगुळीत फरशीवर पायांनी काहीच साधत नाही. साकाकिबारा किकाई या जपानी कारखान्याचा मोनोनोफू तर साडेआठ मीटरच्या आसपास उंच आणि सात टनांच्या वर आहे, वेग ताशी किलोमीटरभरही नाही.

दोन पायांवर उभा राहणारा म्हणून कोरियाचा मेथड-२ गाजला: २०१६, चार मीटर, दीड टन, एकेक हात १३० किलोचा. पुढच्या वर्षी जेफ बेझोस त्यात बसून हात हलवताना दिसले आणि जगभर फोटो फिरला. दोन पायांच्या यंत्रात पाऊल उचललं की सगळा भार एका तळव्यावर जातो. डोलणारी केबिन आणि लांब हात तो तोल आणखी बिघडवतात. कोरियातल्या चित्रफिती पाहताना वर जोडलेल्या केबलकडेही लक्ष द्यावं. एखादं यंत्र मोकळ्या मैदानात, वायर न लावता, उतारावर चालताना दाखवलेलं नसेल तर ते तिथे चालत नाही असं समजून चालावं.

संगणक नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर १९६० च्या दशकातच मिळालं होतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये राल्फ मोशर यांनी अमेरिकन लष्करासाठी चार पायांचा चालता ट्रक बनवला. चालकाच्या हातांनी पुढचे पाय, त्याच्याच पायांनी मागचे. जमिनीचा विरोध चालकाला जाणवेल अशी सोयही होती, त्यामुळे यंत्र नाजूक कामही करू शकत असे. पण प्रत्येक पाऊल माणसानेच टाकायचं. काही मिनिटांत चालक थकून जाई. प्रकल्प तिथेच थांबला.

पैसे वसूल झालेलं उदाहरण हवं असेल तर फ्रान्समधल्या नांत शहरात जावं. जुन्या जहाजबांधणीच्या बेटावर २००७ पासून एक लाकूड-पोलादाचा हत्ती फिरतो. १२ मीटर उंच, ५० टनांच्या आतबाहेर वजन, पन्नासएक प्रवासी. तो पाय उचलतो, कान हलवतो, सोंडेने लोकांवर पाणी उडवतो, आणि खरं वजन मात्र पोटाखालच्या चाकांवर असतं. इथे कुणी फसल्याची तक्रार करत नाही, कारण तिकीट तमाशाचं आहे आणि तमाशा पुरेपूर मिळतो. बसायला जाणाऱ्यांना एक सूचना: वरून हत्ती दिसत नाही. आधी एक फेरी खाली, त्याच्या पुढे उलटं चालत बघावी, पोरांना सोंडेच्या टप्प्यात उभं करावं, मग वर चढावं. वारा जोराचा असेल तर फेरी होईलच असं नाही, म्हणून दिवसाचा कार्यक्रम त्याच एका तिकिटावर बांधू नये.

"उपयोग काय" म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडचा प्लसटेक आहे. १९९० च्या दशकात जंगलतोडीसाठी बनवलेलं सहापायी यंत्र, आत चालकाची केबिन. कल्पना नेमकी होती: चाकं जंगलात सलग चर पाडतात, त्यातून पाणी वाहतं, मुळं चिरडतात; पाय फक्त ठसे सोडतात. यंत्र चांगलं चाललंही. तरी विक्रीला आलं नाही. चाकांचं यंत्र तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त लाकूड काढतं, आणि सहा पायांचे सांधे, सेन्सर, व्हॉल्व्ह दूर जंगलात दुरुस्त करायला माणूस कुठून आणायचा? एक नमुना आता तिथल्या वनसंग्रहालयात आहे.

कामाला लागलेली यंत्रं वेगळीच दिसतात. स्वित्झर्लंडचा मेंझी मुक हा १९६० च्या दशकापासूनचा कोळी-एक्स्कॅव्हेटर, म्हणजे कोळ्यासारखे पाय पसरून उभं राहणारं खोदकामाचं यंत्र. चार पाय स्वतंत्र उंचीला लावता येतात, पायांना चाकंही असतात, आणि जिथे चाक फिरून उपयोग नाही तिथे चालक खोदायची बकेट वर रोवून बूमने, म्हणजे यंत्राच्या लांब हाताने, स्वतःला ओढतो. डोंगरउतारावर दरड साफ करायला याला तोड नाही. अट एकच, चालक मुरलेला हवा.

आणि या यादीतलं सगळ्यांत मोठं चालतं यंत्र आपल्या देशात कोळशावरची माती काढतं. सिंगरौलीच्या खाणींतले ड्रॅगलाइन, म्हणजे दोराने बकेट ओढून माती काढणारी यंत्रं. त्यातलं २४/९६ म्हणजे २४ घनमीटरची बकेट आणि ९६ मीटरचा बूम. काम करताना हे धूड गोल तबकावर बसलेलं असतं. हलायचं असलं की दोन्ही बाजूंचे लांबलचक बूट जमिनीला टेकतात, तबक उचलतात, साधारण दोन मीटर सरकवतात आणि पुन्हा ठेवतात. दिशा बदलायला वरचा भाग फिरवून मग पाऊल. वाट आधी डोझरने सपाट करावी लागते, नाहीतर एका बुटावर जास्त भार येऊन बेअरिंग जातं. मागची जाडजूड वीजकेबल सांभाळायला वेगळी माणसं लागतात. इथे पाय का? कारण एवढं वजन क्रॉलरच्या, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर घेतलं तर पट्टे झिजून जातील, आणि मोठ्या तबकामुळे जमिनीवरचा दाब आटोक्यात राहतो. व्हिडिओ मात्र याचा कुणी फिरवत नाही.

राहिला कावासाकीचा कॉर्लिओ, चार पायांचा, घोड्यासारखा बसायचा, १५० सीसी हायड्रोजन इंजिनावर वीज बनवणारा. २०२५ च्या ओसाका एक्स्पोच्या वेळी त्याची चित्रफीत तुफान गाजली. डोंगरावरच्या उड्या संगणकावर बनवलेल्या होत्या. मंडपातलं यंत्र उभं राहून अंग हलवून दाखवत होतं. बुकिंग कुठे करायचं हे विचारणाऱ्यांनी आधी तो ओल्या खडकावर, माणूस पाठीवर घेऊन, न कापलेल्या चित्रीकरणात बघावा.

कार्यक्रमासाठी असलं काही भाड्याने आणायचं कुणाच्या मनात असेल तर करार करण्याआधी एवढं लिहून घ्यावं: एका पायाचा जास्तीत जास्त भार किती आणि मंचाची फळी तो पेलते का, आणीबाणीचं बटण चालकाखेरीज जमिनीवरच्या माणसाकडेही आहे का, सुटे होज आणि तेल सोबत येणार का, इंजिन बंद पडल्यावर यंत्र उभंच राहतं की खाली बसतं, गर्दीपासून अंतर किती ठेवायचं. ट्रेलर आणि क्रेनचं भाडं कुणी द्यायचं हेही त्याच कागदावर.