नऊ महिने वापरलेला घरचा लिथियम पॅक आणि त्यातली निकेलची पट्टी

फवारणी पंपासाठी घरी बांधलेल्या बॅटरी पॅकचा हा अनुभव मी दसऱ्याच्या सुट्टीत लिहायला घेतला होता. तेव्हा त्यात कौतुकच कौतुक होतं. अर्धा लिहून ठेवला आणि पुढच्याच रविवारी पॅक भर शेतात बंद पडला. त्यामुळे आता मार्चमध्ये सगळा पुन्हा लिहिते आहे. कौतुक काढून टाकलेलं नाही, पण त्याच्या जोडीला जे सांगायचं आहे ते जास्त महत्त्वाचं आहे.

आमची जमीन नाशिकच्या गिरणाऱ्याजवळ. आण्णा, म्हणजे माझे वडील, टोमॅटो करतात. मी अंबडला कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर असते. पावसाळ्यात करपा आणि नागअळी पाठ सोडत नाहीत, त्यामुळे पाठीवरचा १६ लिटरचा चार्जिंगचा फवारणी पंप आठवड्यातून एकदा तरी निघतोच. त्यातली १२ व्होल्ट १२ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवणीची क्षमता) लेड-ॲसिड बॅटरी दर वर्षी बदलावी लागायची. हंगाम संपला की पंप शेडमध्ये अर्धवट उतरलेल्या बॅटरीसकट पडून राहायचा, प्लेटांवर सल्फेट धरायचं आणि जूनमध्ये चार पंप (म्हणजे चार टाक्या) मारले की मोटर दम सोडायची. दर जूनला तेवढेच पैसे पुन्हा मोजायचे, हे मला पटेना. म्हणून गेल्या जूनमध्ये पॅक स्वतः बांधला.

पॅक असा: ३२६५० आकाराचे, ३.२ व्होल्ट ६ एएचचे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल आठ, ४एस२पी (दोन-दोन सेल समांतर जोडून केलेल्या चार जोड्या एकापुढे एक), म्हणजे १२.८ व्होल्ट १२ एएच. २० अँपिअरचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की पॅक तोडणारं सर्किट), १४.६ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर. खर्च ३,४०० रुपये. सेल मी दहा घेतले होते. प्रत्येकाची एकदा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता मोजली, दोन सेल पाच एएचच्या आतच संपले, ते बाजूला ठेवले. ही पायरी कंटाळवाणी आहे, चार-पाच संध्याकाळी जातात, पण ती गाळून पॅक बांधू नका. एक कमकुवत सेल अख्ख्या पॅकला आपल्या मापावर आणतो.

लॅपटॉपचे जुने १८६५० आकाराचे सेल भंगारात मिळतात, ते का नाही घेतले असं शेजारच्या दादांनी विचारलं होतं. खरं सांगायचं तर माझाही पहिला विचार तोच होता. पण ते सेल बहुतेक कोबाल्ट असलेल्या रसायनाचे असतात. ते जास्त तापले की कॅथोडमधून (सेलच्या धन बाजूच्या थरातून) ऑक्सिजन सुटतो आणि आग स्वतःच स्वतःला पोसते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तो सहज सुटत नाही. हे रसायन १९९७ मध्ये टेक्सासमध्ये पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी पुढे आणलं. लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ मध्ये ज्यांना नोबेल मिळालं त्यांतले एक हेच गुडइनफ. फॉस्फेटचे सेल पेटतच नाहीत असा त्याचा अर्थ नाही. आतलं इलेक्ट्रोलाइट जळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. पण माझे वडील ही वस्तू पाठीला बांधून चालणार होते, आणि माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. थोडं वजन जास्त, जागा जास्त, चालेल. आणि १८६५० वर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं तर ते खोटं आहे एवढं लक्षात ठेवा. त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता बसते.

जुलै ते सप्टेंबर पॅकने जे काम केलं त्याला तोड नव्हती. लेड-ॲसिड नवी असताना १४-१५ पंप व्हायचे, याच्यावर २१ झाले. दाब शेवटच्या पंपापर्यंत सारखा, कारण या सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो. आणि वजन! आधीची बॅटरी पावणेचार किलोची, हा पॅक डब्यासकट दीड किलोचा. आण्णा आता ६३ वर्षांचे आहेत. पहिल्या दिवशी पंप पाठीवर घेऊन ते थांबले आणि म्हणाले, "पोरी, टाकी भरलीय ना पूर्ण?" ते वाक्य ऐकून माझे ३,४०० रुपये वसूल झाले.

इथपर्यंतचं दसऱ्याला लिहिलेलं होतं.

त्या रविवारी अकराव्या पंपाला मोटर एकदम बंद पडली. हळूहळू नाही, एकदम. चार्ज करून पुन्हा लावला, पुन्हा दहा-अकरा पंपांनी तेच. मला वाटलं बीएमएस गेला. स्वस्तातला होता, त्याचं बॅलन्सिंग (सगळ्या जोड्या सारख्या भरलेल्या ठेवणं) किती नाजूक असतं ते ठाऊक होतं, म्हणून मी मनात त्यालाच दोषी ठरवून टाकलं आणि नवा मागवलासुद्धा. ती घाई झाली. बीएमएस बिचारा त्याचं काम चोख करत होता.

बरोबर अर्ध्यावर बंद पडणं हीच खूण होती. डबा उघडला तर तिसऱ्या जोडीतला एक सेल सुटलेला. सेलना जोडणारी निकेलची पट्टी जागेवर दिसत होती, पण वेल्डच्या ठिपक्यांभोवती तांबूस गंज होता आणि बोटाने दाबलं की ती हलत होती. म्हणजे बाकीच्या तीन जोड्या १२ एएचच्या आणि ही एकच ६ एएचची उरली होती. ती आधी रिकामी व्हायची, बीएमएस ते ओळखून पॅक तोडायचा. चार्जिंगलाही तीच आधी भरायची आणि चार्जर लवकर थांबायचा.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. सुटलेल्या सेलवर ३.३१ व्होल्ट होते, त्याच्या जोडीदारावर ३.०५. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण या रसायनात त्याचा अर्थ एक सेल बऱ्यापैकी भरलेला आणि दुसरा जवळजवळ रिकामा. चालताना पंप हलायचा, पट्टी मधूनच टेकायची, आणि टेकली की भरलेला सेल त्या गंजक्या टोकातून रिकाम्यात करंट ढकलायचा. त्या कोपऱ्यातलं हीट श्रिंक (पॅकवर आवळून बसणारं प्लॅस्टिकचं आवरण) करपून पिवळं पडलं होतं. बीएमएसला हे दिसत नाही. तो जोडीचा व्होल्टेज मोजतो, जोडीच्या आत दोन सेलमध्ये काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नाही. आणि हे सगळं आण्णांच्या पाठीवर, कमरेच्या वर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता पट्टीबद्दल. निकेलला गंज चढत नाही, निदान असा तांबूस तर नाहीच. जिथून घेतली त्या दुकानात पट्टीचा तुकडा घेऊन गेले. दुकानदाराने काउंटरवरचा चुंबक लावून दाखवला. "ताई, चिकटतंय बघा. ओरिजनल निकेल आहे." मी म्हटलं, "भाऊ, निकेलला चिकटतं तसं लोखंडालाही चिकटतं. यातून काय सिद्ध झालं?" ते म्हणाले सगळे हीच नेतात, कुणाची तक्रार नाही. पैसे परत मिळाले नाहीत, बदलूनही मिळाली नाही. पैशांचं नुकसान जेमतेम दीडशे रुपयांचं. माझा राग त्या दीडशे रुपयांचा नाही. चुंबक ही खात्री आहे असं समजून किती जण ही पट्टी सायकलच्या, स्कूटरच्या पॅकमध्ये लावत असतील, या विचाराचा आहे. तिथे करंट माझ्या पंपासारखा साडेतीन अँपिअर नसतो.

खरी परीक्षा घरातल्या मिठाने होते. पट्टीचा तुकडा पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी खरवडायचा म्हणजे वरचा मुलामा निघतो, मग वाटीभर मिठाच्या पाण्यात बुडवून एक-दोन दिवस ठेवायचा. आत स्टील असेल तर पाणी तांबूस होतं, खरं निकेल तसंच्या तसं राहतं. माझ्या दुकानच्या पट्टीचं पाणी सकाळपर्यंत चहाच्या रंगाचं झालं होतं. स्टीलचा विद्युतरोधही निकेलपेक्षा बराच जास्त, म्हणजे गंज नसतानाही ती जास्त तापते. आणि आमच्या डब्यात ओल जायला वाटही होती. टोमॅटोवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक असतंच, त्याचं पाणी टाकीच्या झाकणातून ओघळतं. तांब्याचं औषध लोखंडाला कसं खातं ते ज्याने पत्र्याच्या ड्रममध्ये बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) ठेवून पाहिलंय त्याला सांगायला नको.

डब्याची फट बुजवायला मी साधं सिलिकॉन वापरलं होतं, ती चूक माझी. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि बंद डब्यात ते धातूला लागतं. आता बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन वापरलं आहे.

पुन्हा बांधताना एक पूर्ण शनिवार गेला. अंगठी, बांगड्या काढून ठेवल्या. ज्या सेलवर काम चालू तो सोडून बाकी सगळे कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या विद्युतरोधक टेपने) झाकले. जुनी पट्टी पक्कडीने गुंडाळत सोलली, ओढली नाही. सेलचं अख्खं भांडं निगेटिव्ह असतं आणि पॉझिटिव्ह टोपी त्याच्या कडेपासून केसभर अंतरावर. मध्ये फक्त पातळ आवरण. पट्टी तिथे घासून आवरण फाटलं की सेल जागीच शॉर्ट. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्ह टोकावर बार्ली पेपरची (विद्युतरोधक कागदाची) चकती लावली. जूनमध्ये मी त्या फक्त कडेच्या सेलना लावल्या होत्या, तेव्हा ती काटकसर वाटली होती. सेलवर सोल्डरिंग गन टेकवायची नाही, ती उष्णता आतल्या सीलला आणि सेपरेटरला (धन आणि ऋण थर वेगळे ठेवणाऱ्या पडद्याला) जाते. स्पॉट वेल्डिंगच (क्षणभर करंट देऊन ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणं) करायचं.

आठही सेल वेगवेगळे ३.६५ व्होल्टपर्यंत भरले, मग रात्रभर एकत्र समांतर ठेवले आणि नंतरच जोड्या बांधल्या. बीएमएसची बारीक वायरींची पिन लावण्याआधी मीटरने एकेक टोक मोजलं: ३.३, ६.६, ९.९, १३.२, असं चढत जायला हवं. एक वायर उलटसुलट झाली तर बीएमएस तिथेच जळतो. बीएमएस घेताना फॉस्फेटचाच आहे ना ते नीट वाचा. ३.७ व्होल्टच्या सेलसाठीचा दिसायला हुबेहूब असतो, पण तो ४.२५ ला तोडतो आणि आपल्या सेलला ३.६५ च्या वर काही नको. पॉझिटिव्हला, पॅकमधून वायर निघते तिथेच, १० अँपिअरचा गाडीचा फ्यूज टाकला.

नोव्हेंबरपासून आतापर्यंत पाच महिने झाले. पंप पुन्हा २० च्या वर. जानेवारीत निफाडला पारा एकदम खाली गेला, आमच्याकडेही पहाटे हाताला बोचत होतं, तेव्हा पॅक रात्री घरात आणायला सांगितला. शून्याखाली चार्ज केल्यास ॲनोडवर (सेलच्या ऋण बाजूवर) धातूरूप लिथियम साचतं. आपल्याकडे तितकं होत नाही, पण उघड्या शेडमध्ये पहाटे चार्जर लावायचा नाही एवढा नियम केला. आता उन्हाळ्यात उलट काळजी: उन्हात तापलेला पॅक आधी सावलीत तासभर ठेवायचा, मग चार्जिंग. चार्जिंग ओट्यावरच, सगळे जागे असताना, शेजारी पाण्याची भरलेली बादली. आण्णांनी पहिल्यांदा कुरकुर केली, "एवढं काय त्याचं?" करपलेलं हीट श्रिंक हातात दिल्यावर पुन्हा विचारलं नाही. जुना लेड-ॲसिडचा चार्जर मी शेडमधून उचलूनच आणला, चुकून कुणी लावायला नको.

बाजूला पडलेले दोन कमकुवत सेल घंटागाडीत टाकले नाहीत. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. सध्या टोकांना टेप लावून कोरड्या डब्यात ठेवले आहेत, बॅटऱ्या गोळा करणाऱ्याकडे जातील.

गेल्या रविवारी पॅक पूर्ण भरून मोजला: ११.६ एएच. चारही जोड्यांमध्ये फरक एक शतांश व्होल्टच्या आत. शेजारच्या दादांना आता तसाच हवा आहे. नवी पट्टी मी दुसरीकडून घेतली, मीटरला तिप्पट भावाने. तिचा तुकडा शनिवारपासून खिडकीत मिठाच्या पाण्यात आहे. आज मंगळवार, पाणी अजून स्वच्छ आहे.